आधी ‘स्ट्रे डॉग’ पाहू की ‘हाय अँड लो’?

जुना जपानी नॉयर, म्हणजे गुन्हेगारीवरचा काळोखा चित्रपट पाहायचाय आणि हाताशी एकच रात्र आहे, तर घोडं बहुधा दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या या दोन चित्रपटांपाशीच अडतं. पहिला १९४९चा, दुसरा १९६३चा. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत नट तोशिरो मिफुने आणि दोन्हींत जीवघेणा उकाडा.

‘स्ट्रे डॉग’ची गोष्ट दोन ओळींची. गर्दीच्या बसमध्ये नवख्या डिटेक्टिव्हचं कोल्ट पिस्तूल मारलं जातं, आत ७ गोळ्या. ते शोधायला तो बेकार सैनिकाच्या वेशात टोकियोच्या काळ्या बाजारात वणवण फिरतो. कितीतरी मिनिटं संवाद जवळजवळ नाहीतच. नुसते पाय, डोळे, झापांच्या फटींतून येणारं ऊन. नाच संपवून आलेल्या मुली जमिनीवर अंग टाकतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्या घामेजल्या कातडीला जवळपास चिकटतो. मे महिन्यात पंख्याखाली बसून पाहा, काही समजावून सांगावं लागणार नाही. खरा घाव पुढे आहे: पोलीस आणि चोर दोघंही युद्धावरून परतलेले, दोघांचीही पाठपिशवी वाटेत चोरीला गेलेली. एकाने वर्दी धरली, दुसऱ्याने बंदूक. मधे चित्रपट थोडा रेंगाळतो, हे खरं.

‘हाय अँड लो’ जास्त घोटीव. सुरुवातीचा मोठा भाग टेकडीवरच्या एका दिवाणखान्यातच घडतो. बूट कंपनीतला बडा अधिकारी, खंडणी त्याच्याकडे मागितली जाते, पण पळवलेला मुलगा निघतो त्याच्या ड्रायव्हरचा. खंडणी ३ कोटी येन. ती द्यायची की नाही, याची घालमेल रुंद पडद्यावर कोण कुठे उभं आहे, कोण पाठ फिरवतं, यावरून कळते. मग एकदम धावती रेल्वे. बाथरूमची खिडकी जेमतेम ७ सेंटीमीटर उघडते, पैशाच्या बॅगा तिथूनच टाकायच्या! पोलिसांच्या बैठका काहींना लांबतील. मला त्याच आवडतात. इथे युद्ध मागे पडलंय, योकोहामाच्या खालच्या वस्तीतून वर दिसणारं श्रीमंताचं घर सलतंय.

थरार हवा, तर बेलाशक ‘हाय अँड लो’. पण १४३ मिनिटं जागं राहायची तयारी ठेवा. मी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ‘स्ट्रे डॉग’च देईन. तो ओबडधोबड आहे, पण हरलेलं शहर त्यात जवळून दिसतं.

दिग्दर्शक सेइजुन सुझुकींचा ‘ब्रँडेड टू किल’ (१९६७) मात्र पहिल्या रात्री नको. भाताच्या वासावर झिंगणारा भाडोत्री मारेकरी पचवायला थोडी सवय लागते. तो काढला म्हणून स्टुडिओने सुझुकींनाच घरी बसवलं होतं.