थोर शास्त्रज्ञांचे समान गुण, ऑडिओ कोर्स: 5 पैकी साडेतीन

ऐकून संपवला एकदाचा, निम्मा चालताना, निम्मा भांडी घासताना. विषय वाचूनच धास्ती होती की एडिसन, बल्ब, हार मानू नका, झालं, आणि पहिले दोन भाग अगदी तसेच निघाले राव. 1,093 अमेरिकन पेटंटचा आकडा दोनदा ऐकवला पण मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली अख्खी टीम राबत होती हे एका वाक्यात उरकलं. तिथेच बंद करणार होतो.

तिसऱ्या भागापासून गाडी रुळावर येते. फॅरेडे म्हणजे बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा, बाइंडिंगला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. पुढे प्रयोगांची डायरी ठेवली तर तिच्यातल्या परिच्छेदांचे नंबर 16,000 च्या वर गेले, आणि फसलेले प्रयोगसुद्धा त्यात आहेत बरं का. डार्विन तर आपल्या मताच्या विरुद्ध काही सापडलं की लगेच टिपून ठेवायचा, कारण नकोशी गोष्ट डोक्यातून पटकन निसटते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. (मी हे ऐकून वही आणली, तीन दिवस लिहिली, असो.)

केप्लरचा भाग मात्र दोनदा ऐकला. मंगळाच्या कक्षेचं गणित जवळजवळ जुळलेलं, खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या नोंदींशी फरक फक्त 8 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे आकाशात पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या साधारण पाव. आपण असतो तर म्हणालो असतो जाऊ दे, मोजताना काहीतरी इकडचं तिकडं झालं असेल. पण टायकोची मोजणी इतकी चुकणार नाही हे माहीत असल्याने या माणसाने कित्येक महिन्यांची आकडेमोड बाजूला सारली आणि शेवटी लंबवर्तुळावर पोचला, 1609 ला छापलं. राइट बंधूंचंही तेच, 1901 च्या ग्लायडरला हिशोबाएवढी उचल मिळेना तेव्हा छापील तक्त्यांवरच संशय घेतला, घरच्या घरी विंड टनेल बनवला आणि पंखांचे 200 च्या आसपास नमुने तपासले.

मेरी क्युरीचा भाग रडक्या म्युझिकने वाया घालवलाय. टनावारी खनिज उकळून 1902 मध्ये जेमतेम दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आलं, याला व्हायोलिन कशाला लागतं?

मोठी तक्रार वेगळीच आहे. दर भागाच्या शेवटी चिकाटी, चिकाटी आणि चिकाटी. अहो, ब्लाँडलोकडे काय चिकाटी कमी होती? 1903 मध्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने एन-किरण नावाचे नवे किरण शोधल्याचं जाहीर केलं, इतरही बऱ्याच जणांना ते दिसायला लागले, मग 1904 ला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ब्लाँडलोच्या प्रयोगशाळेत गेला आणि ज्याच्याशिवाय ते दिसायलाच नको होते तो प्रिझमच अंधारात गुपचूप काढून घेतला, तरी यांना किरण दिसतच राहिले! मेहनती होता, नावाजलेला होता, फक्त स्वतःवर शंका घेणं जमलं नाही. अख्ख्या कोर्समध्ये असा एकही माणूस नाही. नुसत्या जिंकलेल्यांनाच बोलावल्यावर सगळ्यांचे गुण सारखेच दिसणार ना.

घ्यायचा तर घ्या, पण डायरेक्ट तिसऱ्या भागापासून सुरू करा. आणि शेवटची 'तुमच्यात कोणता शास्त्रज्ञ दडलाय' ही क्विझ सोडून द्या, मी दुसऱ्यांदा सगळी उत्तरं उलटी दिली तरी टेस्लाच आला.