एचटूएस बाटली : पाणी काळं पडलं नाही, म्हणजे विहीर सुरक्षित?

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला मी पाण्यात मैला मिसळलाय का हे तपासणारी ही छोटी एचटूएस बाटली घ्यायला सांगते. वापरायला इतकं सोपं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. फक्त तिचं उत्तर कुठपर्यंत धरायचं, ते आधी समजून घ्या.

आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि ३० अंशांच्या आसपास एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड (म्हणजेच एचटूएस) वायू सोडतात, त्याचा औषधातल्या लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. प्रयोगशाळेच्या अहवालावर हुज्जत घालणारी माणसं काळी बाटली पाहून मुकाट्याने गळकी टाकी शोधायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय.

माझी तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. ‘रंग बदलला नाही तर पाणी पिण्यास योग्य’ असं त्यात सरळ छापलंय. हे चूक आहे आणि घातकही. बाटलीला नायट्रेट कळत नाही, आर्सेनिक कळत नाही, फ्लोराइडही नाही. खतांतून आणि मैल्यातून उतरणारं नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर दुधाच्या बाटलीवर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. असं पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. त्याची चाचणी वेगळी करावीच लागते. उलट बाजूही आहे: काही खोल बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं, तिथे मैला नसतानाही बाटली काळी पडते. भरल्या भरल्या काळी झाली, तर आधी ही शंका घ्या.

शिवाय बाटली सांगते ती त्या दिवसाची गोष्ट. धोका ओळखायचा तर विहिरीभोवती फिरावंच लागतं. ओट्याला तडा आहे का? सांडलेलं पाणी तिथेच मुरतं का? शौचालयाचा खड्डा वरच्या अंगाला आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणी-तक्त्यांत असेच हो-नाही प्रश्न असतात. हातपंपाच्या तक्त्यात १० मीटरच्या आत शौचालय आहे का, असं विचारलंय. पण १० मीटर हा आकडा सगळीकडे पुरत नाही. बारीक वाळूच्या थरातून पाणी सावकाश झिरपतं, बरेच जिवाणू वाटेतच अडकतात किंवा मरतात. भेगाळलेल्या खडकात तेच पाणी सरळ वाट काढत फार लांबवर पोहोचतं. म्हणून जमिनीखाली काय आहे, हे बोअर खणणाऱ्याला विचारून लिहून ठेवा.

एकच बाटली हाताशी असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर वापरा. वरची घाण खाली उतरत असेल तर ती तेव्हाच सापडण्याची शक्यता जास्त. पाण्यात क्लोरीन टाकण्याआधी नमुना घ्या, झाकणाच्या आत बोट लावू नका आणि मुदतीची तारीख बघूनच बाटली विकत घ्या. काळी पडलेली बाटली मोरीत रिकामी करू नका; आत जिवाणू प्रचंड वाढलेले असतात. जंतुनाशक ओतून काही वेळ ठेवा, मगच टाका, आणि तोवर मुलांच्या हाती लागू देऊ नका.