संकर आहे का? आरएपीडी, आयटीएस, मायक्रोसॅटेलाइट की डीडीरॅड

कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटावर सर्कोकार्पस ट्रास्की हे झाड एकाच घळीत उरलं आहे. चरणाऱ्या जनावरांनी मोठी झाडं डझनाच्या आत आणून ठेवली, आणि त्यातलीही काही शेजारच्या सर्कोकार्पस बेट्युलॉइडिसशी झालेल्या संकरातली निघाली. लोरेन रीसबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे १९८९ मध्ये आयसोझाइमवरून (एकाच विकराच्या वेगवेगळ्या रूपांवरून) दाखवलं, १९९५ मध्ये आरएपीडीवरून (डीएनएचे कुठलेही तुकडे वाढवून दिसणाऱ्या पट्ट्यांवरून). कुठल्या झाडाचं बी जपायचं, हा प्रश्न त्यावर अवलंबून होता.

आपल्या सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या दोन जाती एकाच पठारावर फुलतात आणि एखादं रोप धड इकडचं ना तिकडचं वाटतं, तेव्हा ते संकर आहे का हे ओळखायला चिन्हक (डीएनएमधली ओळखखूण) कोणता निवडाल?

आरएपीडी स्वस्त, आधीची कुठलीच माहिती लागत नाही. पण पट्टे प्रयोगशाळा बदलली की बदलतात. शिवाय पट्टा दिसला तरी ती प्रत एका पालकाकडून आली की दोघांकडून, हे कळत नाही. नव्वदीत दुसरा पर्याय फारसा नव्हता. आज याच्या वाट्याला जाऊ नये, असं माझं मत. आयएसएसआर (पुनरावृत्त डीएनएच्या मधल्या तुकड्यांचे पट्टे) थोडं बरं, पण दुखणं तेच.

पहिला प्रयोग आयटीएस आणि हरितलवकाच्या डीएनएचा करा. आयटीएस हा केंद्रकातल्या डीएनएचा एक तुकडा, म्हणून दोन्ही पालकांचा. पालकांत जिथे डीएनएचं अक्षर वेगळं, तिथे पहिल्या पिढीच्या संकरात सिक्वेन्सिंगच्या आलेखावर दुहेरी शिखर दिसतं. हरितलवक सपुष्प वनस्पतींत बहुधा आईकडूनच येतो, म्हणजे आई कोण तेही कळतं. (पाइनसारख्या वृक्षांत तो बापाकडून येतो.) सापळा एकच: पुढच्या पिढ्यांत आयटीएसच्या प्रती एकसारख्या होत जातात आणि एका पालकाची खूण पुसली जाऊ शकते. शिखर एकेरी दिसलं म्हणून संकर नाही, असं म्हणता येत नाही. नुसत्या हरितलवकावर तर निकाल देऊच नये.

रोप पहिल्या पिढीचं की पालकाशी पुन्हा संकर झालेलं, हे हवं असेल तर मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणारी छोटी अक्षरमाला) किंवा डीडीरॅड (विकरांनी डीएनए कापून त्याचे तुकडे वाचण्याची पद्धत). मायक्रोसॅटेलाइटमध्ये दोन्ही प्रती वेगळ्या वाचता येतात. पालकांना वेगळं करणाऱ्या ठिकाणी पहिल्या पिढीत सगळीकडे दोन्ही पालकांची खूण असते, परतसंकरात सरासरी निम्म्या ठिकाणी. प्रायमर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवायला लागणारे छोटे धागे) नसतील तर बनवण्यात महिने जातात. त्याच वंशातल्या जातीचे चालतात का, ते आधी तपासा. डीडीरॅडला जातीसाठी खास प्रायमर बनवायची गरज नाही, हजारो ठिकाणं एकदम मिळतात. मात्र डीएनए अखंड हवा आणि संगणकावर बसणारं माणूसही. जुन्या हर्बेरियम (वाळवून जपलेल्या) नमुन्यातला तुटका डीएनए इथे सहसा टिकत नाही. हरितलवकाचा छोटा तुकडा त्यातूनही बऱ्याचदा मिळतो.

काहीही निवडा, दोन्ही शुद्ध पालकांचे नमुने संशयित रोपापासून लांबच्या ठिकाणचे घ्या. त्याच पठारावरचा ‘शुद्ध’ पालक आधीच मिसळलेला असू शकतो.