पिकअप ‘लेव्हल’ करून देतो म्हणत ७१,७०० ला घातलेली टोपी

आधी आकडा सांगतो, कारण तोच जास्त झोंबतोय. कामाचे ६८,५००, वर अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकं रेषेत लावण्याच्या नावाखाली ३,२००, म्हणजे ७१,७०० रुपये. आणि गॅरेजवाल्यांनी केलेली घाण निस्तरायला पुढे गेले ते ३८,६६० वेगळेच. एकूण १,१०,३६०. घरी पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही. गाडीवर पोट असलेल्या माणसाला गाडीच्याच कामात कुणी गंडवावं, हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं. पण राजापूरपासून कुडाळपर्यंत पिकअपवाले काही थोडे नाहीत, आणि आंबा सुरू व्हायच्या तोंडावर ही मंडळी गळ टाकून बसतात. म्हणून लिहितोय.

कुणी म्हणायच्या आत सांगतो, ही हौस नव्हती. गाडी उचलून, मोठे टायर घालून किनाऱ्यावर रील काढणाऱ्यांतला मी नाही. माझी गाडी पुढे कॉइल स्प्रिंगवर, मागे पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर. बंदरावरून मासळी आणि बर्फ, सीझनला आंबा, उरलेल्या दिवसांत चिरा. बागेतून पेट्या बाहेर काढायच्या तर कातळावरून नाहीतर पावसाने खणलेल्या पाणंदीतून यावं लागतं. मागे भरलं की हौदा खाली बसतो, स्टेपनी दगडाला घासते, तोंड वर होतं आणि रात्री समोरून येणारा हेडलाइटवरून शिव्या घालतो. तेव्हा ‘गाडी लेव्हल करून देतो, चारही बाजूंनी दोन इंच उचलून देतो, लोडही जास्त बसेल’ असं महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, तर ऐकणारच ना माणूस! नाव लिहीत नाही, प्रकरण सुरू आहे.

त्यातलं ‘लोड जास्त बसेल’ हे शुद्ध खोटं. पाटा चढवला म्हणून पासिंग वाढत नाही. आरसीवर जे वजन आहे तेच राहतं, कारण एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसी सगळं जुनंच असतं. आणि पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच दिसते ती कंपनीची चूक नाही. भरल्यावर सपाट बसावी म्हणून तशी ठेवलेली असते. हे मला आता तोंडपाठ आहे.

कोटेशन असं होतं. पुढची उंची वाढवायचं किट ३१,०००, मागचे जादा पाटे १८,५००, चार शॉकअप (धक्के झेलणारे शॉक ॲब्सॉर्बर) १४,०००, बसवणावळ ५,०००. सगळा माल परदेशी कंपनीचा, पेटीबंद, दोन वर्षांची गॅरंटी. २५,००० ॲडव्हान्स घेतला. मग नेहमीचंच: माल पोर्टवर अडकलाय, आज येतो, उद्या येतो. हा खेळ तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आता ते सांगतो जे आठवलं की अजून डोकं भणभणतं. गाडी जॅकवर घेतलेली, चाकं काढलेली, जुने पाटे खाली उतरवलेले. नवे पाटे बाजूला गोणपाटावर ठेवले होते, काळेकुळकुळीत, चकचकीत. मी सहज वाकून एकावर हात फिरवला. अंगठा काळा झाला. रंग ओला होता! पेटीबंद आलेल्या, समुद्र ओलांडून आलेल्या मालाचा रंग ओला! पेटी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ‘पोरांनी जाळली असेल शेठ, कचरा होतो.’ आणि रंगाचं? ‘हे अँटी-रस्ट कोटिंग. तुमच्या खाऱ्या हवेसाठी स्पेशल मारून देतो, त्याचे पैसेपण लावले नाहीत.’ पाट्याच्या कडेला बोटाएवढा एक उंचवटा होता, त्यावर रंग जरा जाडच बसला होता. तोही पाहिला. खिशातल्या फडक्याने अंगठा पुसला आणि चहा घ्यायला गेलो.

तुम्ही म्हणाल, एवढं दिसलं आणि तरी गप्प? अहो, कोकणात राहणाऱ्याला गंजाची भीती घालायला लागत नाही. इथे दरवर्षी गेटला रंग मारावा लागतो, सायकलची चेन दोन पावसाळे पुरत नाही. ‘खारी हवा’ म्हटलं की आपली मान आपोआप हलते, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. शिवाय माझी गाडी उघडी पडलेली, जुने पाटे उतरलेले, दोन बागायतदारांचे फोन चालू. त्या क्षणी ‘काम थांबव’ म्हणायचं तर गाडी तिथून बाहेर कशी काढायची? ते लोक दाखवायचा तो माल गाडी उघडी पडल्यावरच दाखवतात, आधी नाही. यालाच त्यांची अक्कल म्हणायची.

उरलेल्या ४३,५०० पैकी २०,००० रोख मागितले, ‘जीएसटी वाचेल तुमचा’ म्हणून. २३,५०० यूपीआयने, आणि स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. ‘वहिनीचं खातं आहे.’ बिल दिलं तेही ६८,५०० चं नाही, फक्त २३,५०० चं. त्यावरचा जीएसटी नंबर घरी येऊन मोजला तर चौदाच अक्षरं! खरा नंबर पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव-पत्ता फुकटात दिसतो. पैसे देण्याआधी टाका.

गाडी उंच झाली, नाही म्हणत नाही. दोन दिवस वाडीत सगळ्यांनी कौतुकही केलं. मग स्टिअरिंग ओढायला लागलं. परत गेलो तर अलाइनमेंटचे ३,२००. पुढचे दोन टायर आतल्या कडेने खाल्ले गेले ते वेगळंच.

आणि मग फोंडा घाट. कोल्हापूरला आंबा टाकून येताना पेंडीची पोती भरून आणत होतो. दाजीपूर मागे पडलं, उतार लागला, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडीने नाक खाली घातलं, पुढची चाकं घसरली, मागून मात्र काही पकडच नाही. पोती मागे असताना! त्याच वळणात मागून कट्ट असा आवाज आला. डाव्या बाजूला हौदा टेकला. खालची दरी किती खोल आहे ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून खाली उतरलो.

आमच्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्र्याने गाडीखाली शिरून पाटा पाहिला आणि नखाने रंग खरवडला. ‘रे, ह्यो पाटो नवो नाय. ट्रकाचो काढून कापलेलो हा. आणि मेल्यांनी वेल्डिंग मारल्यानी हा. पाट्याक वेल्डिंग मारतत काय कधी? पाणी गेलां त्याचा!’ तो उंचवटा म्हणजे वेल्डिंग. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, थंड करून ते कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने ते जातं आणि पाटा बरोबर तिथेच मोडतो. पुढे तर आणखी गंमत. कॉइलच्या डोक्यावर घातलेलं ‘किट’ म्हणजे जाड पाइप कापून केलेल्या दोन इंची कड्या. अशा सस्पेन्शनला वरून एक इंच घातला की चाकापाशी साधारण दुप्पट उंची मिळते. म्हणजे दोन इंच सांगून त्यांनी जवळपास चार इंच ताणलं होतं आणि बॉल जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे, मरायला टेकले होते. शॉकअपही कुठलेतरी जुनेच, रंगवलेले. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टही जुनेच परत आवळलेले. ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात.

ब्रेकचं कोडं मिस्त्र्यानेच सोडवलं, आणि हे सगळ्या पिकअपवाल्यांनी नीट ऐका. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चॅसीपर्यंत एक बारीक दांडी जाते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. हौदा किती खाली बसला यावरून मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते तो ठरवतो. मागचा भाग उचलला आणि ही दांडी नव्याने सेट केली नाही, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भरलेली गाडी घाटात, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे. त्या गॅरेजवाल्याने दांडीला हातही लावला नव्हता. पैसे खाल्ले ते एकवेळ पचवीन, हे नाही.

नवे पाटे २२,४००, यू-बोल्ट १,७६०, दोन टायर १३,६००, अलाइनमेंट ९००. गाडी होती त्या उंचीला परत आणली. माझे मूळचे पाटे आणि शॉकअप परत मागितले तर ‘भंगारात गेले’. ते कुणाच्या गाडीत ‘नवे’ म्हणून बसले असतील, देव जाणे. काढलेलं सामान गाडीत टाकल्याशिवाय गॅरेजमधून हलू नका.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘माल बसवला ना? गाडी चालली ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मॅटर आहे.’ पाटा नेऊन टेबलावर ठेवला तर म्हणाले, हे इथे ठेवू नका, टेबल खराब होतं. पुढे सांगितलं की गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथे जा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. फसवणुकीचं जुनं ४२० आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) ३१८ आहे. हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोच आली. पोचच आली.

आरटीओत तर उलटी तऱ्हा. तक्रार ऐकून घेतली आणि मलाच विचारलं, ‘बदल करायची परवानगी घेतली होती?’ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. कायदा आहे, मान्य. पण महामार्गाला लागून ‘उंची वाढवून मिळेल’ असे बोर्ड लावून बसलेत ते कुणाला दिसत नाहीत? चेकपोस्टवर माझ्या आरशावरचं लिंबू दिसतं, मग हे बोर्ड दिसत नाहीत?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. समोरच्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद! ग्राहक आयोगात गेलो तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धसत्य आहे, ऐकून परत फिरू नका. २०१९ च्या कायद्यातच स्पष्टीकरण दिलंय की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. एक गाडी, ती मीच चालवतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत दोन वर्षं. अर्ज दाखल केलाय.

रोख २०,००० चा पुरावा माझ्याकडे नाही, तेवढे गेले असंच धरून चाललोय. तुम्ही रोख देऊच नका, आणि वहिनीच्या, मेव्हण्याच्या खात्यावर तर अजिबात नाही. माल बसवण्याआधी, चाकं काढण्याच्याही आधी बघायला मागा. पेटी डोळ्यांसमोर फोडायला लावा आणि व्हिडिओ काढा. नाही म्हणाला तर गाडी चार चाकांवर उभी आहे तोवरच निघा.

महामार्गालगत असंच काम करून घेतलेलं आणि मागचे पाटे ताजे काळे रंगवलेले आणखी कुणी असतील तर मला कळवा. एकाच गॅरेजने फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. कणकवलीतल्या वकिलांनी कागद तयार ठेवलेत. बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि मोडलेला पाटा असेल तर तोही घेऊन या, भंगारात घालू नका.