‘जाऊन येते’ला इंग्रजीत शब्द नाही: डब, सबटायटल्स आणि मांगा, नऊ महिन्यांनंतर

गणपती विसर्जनाच्या आठवड्यात मी हे ठरवून सुरू केलं, आता मृग लागलाय. नऊ महिन्यांत ‘डेमन स्लेयर’ आणि ‘स्पाय एक्स फॅमिली’ या दोन ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका मी तिन्ही वाटांनी घेतल्या: हिंदी डब, जपानी आवाजावर इंग्रजी सबटायटल्स, आणि छापील मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ‘फ्रीरेन’ सबटायटल्स आणि मांगा अशा दोनच वाटांनी. तोच प्रसंग तीनदा बघायला वेळ कुठून मिळाला, असं मैत्रिणी विचारतात. वेळ कामातूनच मिळाला. आमचं घर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, आणि घरी टॉवेलच्या कडा शिवायचं काम आहे. दिवसभर मशीनवर बसायचं, डझन मोजायचे. मशीन जुकीचं आहे, तेही जपानीच.

माझं मत आधीच सांगते. डब बरा की सब बरं, हे भांडण आपण अमेरिकेतल्या चाहत्यांकडून जसंच्या तसं उचललंय. त्यांच्याकडे डबही इंग्रजी आणि सबटायटल्सही इंग्रजीच. आपले कान मराठी, डब हिंदी किंवा तेलुगू, आणि सबटायटल्स तेवढी इंग्रजी. त्यांनी काढलेलं उत्तर आपल्याला कसं लागू पडेल? ‘डब बघणारा खरा चाहता नाही’ असं सोलापुरातली पोरंसुद्धा ठासून बोलतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच जणांचं ॲनिमेशी पहिलं नातं हिंदीतल्या शिनचॅन आणि डोरेमॉननंच जुळलंय. त्याआधीच्या पिढीला विचारा. दूरदर्शनवर रविवारी लागणारं मोगलीचं ‘जंगल बुक’ मुळात जपानी मालिका होती, १९८९ ची, ५२ भागांची. त्यातल्या शेरखानला हिंदीत आवाज होता नाना पाटेकरांचा. तो आवाज ज्यानं लहानपणी ऐकला, त्याला डब म्हणजे हलका माल हे पटवून दाखवा.

हिंदी डब मी मशीनवर बसून ऐकला. होय, जास्त ऐकलाच. सुईखाली कापड सरकत असताना डोळे वर उचलता येत नाहीत, बोट जातं. सुरुवातीला वाटलं होतं की ही कामचलाऊ सोय आहे, खरं बघणं रात्री सबटायटल्स लावून. महिन्याभरात लक्षात आलं की काही गोष्टी मला हिंदीतच जास्त कळतायत. कारण शोधायला मी तेच प्रसंग पुन्हा लावले आणि मग उलगडलं.

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. नकारही शेवटीच. ‘मी तुला विसरले’ एवढं म्हणून पात्र थांबतं, ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि मग येतं ‘नाही’. इंग्रजीत तो नकार वाक्याच्या तोंडाशीच बसतो. वर सबटायटलची ओळ पात्रानं तोंड उघडताक्षणी पूर्ण येते. म्हणजे पात्र अजून अर्ध्या वाक्यात असतं आणि मला शेवट कळून चुकलेला असतो. रहस्य सांगायच्या जागा, प्रेमाची कबुली, मरणाच्या दारातलं बोलणं, सगळीकडे हेच होतं. हिंदीत जपानीचा क्रम बराचसा तसाच राहतो आणि शेवटचा शब्द शेवटी पडतो. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी डबबद्दल एवढी वर्षं नाक मुरडलं नसतं.

दुसरं म्हणजे नाती आणि मान. जपानीत ‘तू’साठीच कितीतरी शब्द आहेत, आदराचे, सलगीचे, उर्मटपणाचे. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. हिंदीत निदान तू, तुम, आप आहे, त्यामुळे कोण कुणाला जोखतंय ते कानाला कळतं. मोठ्या भावाला जपानी पोरं नावानं हाक मारत नाहीत, ‘ओनीचान’ म्हणतात, म्हणजे आपला दादा. इंग्रजी सबटायटल्समध्ये तिथे बऱ्याचदा सरळ नाव लिहिलेलं असतं. कान ‘दादा’ ऐकतोय आणि डोळा नाव वाचतोय. मराठी माणसाला हे खुपतंच.

‘डेमन स्लेयर’मध्ये एक जागा आहे. गोष्टीचा नायक तान्जिरो, बरगड्या मोडलेला, नगाऱ्यांच्या घरात लढताना स्वतःला बजावतो की मी थोरला आहे म्हणून हे सोसू शकलो, धाकटा असतो तर जमलं नसतं. जपानी शब्द ‘चोनान’, थोरला मुलगा. इंग्रजीतून बघणाऱ्या जगभरच्या पोरांनी या वाक्याची चेष्टा केली. मी ते पहिल्यांदा मशीनवर हिंदीत ऐकलं आणि पायडलवरचा पाय काढला. वडील गेले तेव्हा माझा दादा सतरा वर्षांचा होता. शाळा सोडून यंत्रमागावर लागला तो. ‘थोरला’ या शब्दात काय काय असतं ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता डबच्या उणिवा, आणि त्या खऱ्या आहेत. जपानमध्ये आवाजाचे कलाकार सहसा एकत्र उभं राहून, एकमेकांचं ऐकत रेकॉर्डिंग करतात. डबिंगला सहसा एकेक जण आपापल्या ओळी बोलून जातो. झेनित्सू आणि इनोसुके हे तान्जिरोचे साथीदार एकमेकांच्या अंगावर ओरडतात त्या जागी हे उघडं पडतं: जपानीत भांडण वाटतं, डबमध्ये दोन माणसं पाळीपाळीनं मोठ्यानं बोलतात. दुसरं, ओठांच्या हालचालीत वाक्य बसवायचं म्हणून मध्ये ‘अरे’, ‘सुनो’, ‘यार’ असले भरतीचे शब्द येतात. ‘यार’ तान्जिरोच्या तोंडी शोभत नाही, तो डोंगरातला कोळसा विकणारा साधा, नम्र पोरगा आहे. आणि श्वास. हुंदका दाबतानाचा, रडू आवरतानाचा श्वास डबमध्ये हमखास हरवतो.

श्वासासाठी मी रात्री सबटायटल्सकडे वळते. अतसुमी तानेझाकी या बाईंचा आवाज एकदा जपानीत ऐकाच. ‘स्पाय एक्स फॅमिली’तली छोटी आन्या त्यांचीच, आणि हजार वर्षं जगलेली, कशानंही न हलणारी फ्रीरेनही त्यांचीच. मला हे श्रेयनामावलीत कळलं तेव्हा मी दोन्ही मालिकांचे भाग आलटून पालटून लावले आणि तरी कानाला पटेना. डबमध्ये ही ओळख होणारच नाही.

सबटायटल्स वापरणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. यादीत नुसतं ‘इंग्लिश’ आणि ‘इंग्लिश सीसी’ असे दोन पर्याय दिसले, तर जपानी आवाजासोबत नुसतं ‘इंग्लिश’ घ्या. सीसीची ओळ बऱ्याचदा इंग्रजी डबच्या संवादांवरून केलेली असते, त्यामुळे पात्र बोलतं एक आणि खाली येतं भलतंच. मी तीन आठवडे चुकीच्या पर्यायावर होते.

आन्याबद्दल आणखी थोडं, कारण इथे सबटायटल्स किती गमावतात ते स्पष्ट दिसतं. आन्या आपल्या मानलेल्या बापाला ‘चिची’ म्हणते आणि आईला ‘हाहा’. जपानीत हे शब्द बाहेरच्या माणसाशी आपल्या आईवडिलांबद्दल बोलताना वापरतात, हाक मारायला नाहीत. म्हणजे एखाद्या चार-पाच वर्षांच्या पोरीनं धावत येऊन ‘वडील! वडील!’ अशी हाक मारावी तसं आहे ते. अनाथाश्रमात वाढलेलं पोर, त्याला बापाला हाक मारायची सवयच नाही. त्या एका शब्दात हसूही आहे आणि पोटात कालवणारं काहीतरीही आहे. इंग्रजीत लिहिलेलं असतं ‘पापा’. झालं, सगळं सपाट.

आणि ‘इत्तेकिमास’. घराबाहेर पडताना जपानी माणूस हे म्हणतो. शब्दशः अर्थ: जाऊन येते. आपल्याकडे उंबऱ्यात उभं राहून ‘जाते’ म्हटलेलं आईला चालत नाही, ‘येते म्हण’ असा दम मिळतो. नेमकं तेच. आणि घरातलं माणूस उत्तर देतं ‘इत्तेराश्शाई’, जाऊन ये. इंग्रजी सबटायटल्समध्ये याचं ‘मी निघाले’ होतं. परत येण्याचा शब्दच गळून पडतो, आणि ‘डेमन स्लेयर’सारख्या गोष्टीत, जिथे घरातून निघालेला पोरगा परत येतो तेव्हा घरच उरलेलं नसतं, तिथे तो गळणं मला सहन होत नाही.

मांगा मी सगळ्यात उशिरा धरला आणि आता त्याच्याशिवाय करमत नाही. पुस्तक शेवटाकडून उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडे. दोन दिवस डोळे अडखळतात, मग सवय होते. पुण्याला माल पोचवायला जाते तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसमध्ये एक खंड सहज संपतो. दुपारी वीज गेली की मशीन बंद, फोनची बॅटरी जपायची, तेव्हाही मांगाच. ‘डेमन स्लेयर’ २३ खंडांत संपतो, २०१६ ते २०२० असा चालला. मला एक खंड साधारण ४०० रुपयांना पडला, त्यामुळे सगळे घेणं परवडलं नाही. ७ आणि ८ हे रेल्वेगाडीच्या प्रसंगाचे खंड विकत घेतले, काही मागून वाचले. शुएशा या प्रकाशनाच्या मांगा प्लस अ‍ॅपवर बऱ्याच मालिकांची सुरुवातीची आणि ताजी प्रकरणं अधिकृतपणे फुकट वाचता येतात, इंग्रजीत. चोरून स्कॅन केलेली पानं मी वाचत नाही. दर आठवड्याला वीसेक पानं काढणाऱ्या माणसाच्या बोटांचे ते पैसे आहेत, आणि बोटांवर पोट असणं काय असतं हे मला माहीत आहे.

आधी ॲनिमे बघून मग मांगा वाचला तर ‘डेमन स्लेयर’ची सुरुवातीची चित्रं कच्ची वाटतात. पडद्यावरच्या त्या लाटा, ते पाणी, ती आग डोळ्यांत असते. पण तोंडात बांबू धरलेल्या नेझुकोची, तान्जिरोच्या बहिणीची, नजर कागदावर जास्त लागते, कारण तिथे मी हवा तितका वेळ थांबू शकते. ‘फ्रीरेन’ तर मला कागदावर जास्त आवडला. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत पन्नास वर्षं निघून जातात. पडद्यावर तिथे सुंदर संगीत आहे. कागदावर काहीच नाही, आणि तेच मला हवं होतं.

मांगात आवाजही चित्रासारखे काढलेले असतात. काळजाचं ‘दोकी दोकी’ म्हणजे आपली धडधड, ‘किरा किरा’ म्हणजे चमचम. शांततेलाही जपानीत आवाज आहे, ‘शीन’. इंग्रजीवाले अशा जागी बऱ्याचदा ‘टक लावून पाहणे’, ‘चकाकणे’ अशी क्रियापदं लिहून मोकळे होतात. मराठीत धाडकन, टपटप, खळखळ, लुकलुक, सगळं तयार आहे. हा खजिना पडून आहे आणि मांगा मराठीत कुणी आणत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलतात. तिचा धाकटा भाऊ ‘डेमन स्लेयर’ तेलुगूत लावतो आणि आजी चादरीची गाठोडी बांधता बांधता ऐकते. त्या आजीनं मला एकदा विचारलं, त्या बांबूवाल्या पोरीला बरं वाटलं का गं? त्या घरात सब-डबचं भांडण नाहीच. मला त्यांचा हेवा वाटतो. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं ऐकू येतं, आणि माझ्या आईला या चारांतली फक्त मराठी नीट कळते. हिंदी तिला कामापुरती येते, गोष्टीपुरती नाही.

म्हणून संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा चालू असताना, मी वही घेतली. ‘फ्रीरेन’चा पहिला भाग, साधारण २४ मिनिटं. प्रत्येक ओळ थांबवून ऐकली, इंग्रजी वाचली, आणि मराठीत लिहिली. चार रात्री लागल्या. मराठीत पहिल्या ओळीपासून ठरवावं लागतं, कोण कुणाला अरे म्हणणार आणि कोण अहो. हिमेलच्या अंत्यविधीला फ्रीरेन रडते, या माणसाला आपण ओळखून का घेतलं नाही म्हणून. तिथे ‘त्याला’ लिहू की ‘त्यांना’? ‘त्याला’ लिहिलं. ती हजार वर्षांची आहे, आणि तो तिचा सोबती होता.

आवाज जपानी ठेवला आणि मी शेजारी बसून वहीतून हळू वाचत गेले. आई शेवटपर्यंत बसली. डोळे पुसले आणि विचारलं, पुढं काय? तेव्हापासून दर रविवारी थोडं थोडं चाललंय, सध्या दहावा भाग. फर्न नावाची शिष्या आता स्टार्क नावाच्या पोरासोबत प्रवासात आहे. फर्न त्याला जपानीत ‘स्टार्क-सामा’ म्हणते, म्हणजे पुरता मान, आणि त्याच मानासकट त्याच्यावर फुरंगटते, खडसावते. इंग्रजीत ही गंमत माझ्या हाती लागत नव्हती. मी लिहिलं, ‘अहो स्टार्क, काहीतरी वाटू द्या.’ आई एकदम सरळ होऊन बसली.

“अहो म्हणून रागावतीय ही त्याला,” म्हणाली. “मग ठरलंच म्हणायचं ह्यांचं. लिही पटापटा पुढचं, टॉवेल मी बघते आज.”