४१० अश्वशक्ती आणि २०० ट्रेडवेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह (ताकद मागच्या चाकांना) असेल, चारशेच्या पुढे ताकद असेल आणि ती तुम्ही मुख्यतः कोरड्या, उबदार हवेत आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवत असाल, तर २०० ट्रेडवेअरच्या टायरांनी (ट्रेडवेअर म्हणजे टायरवर छापलेला झिजेचा आकडा; तो कमी असेल तर रबर सहसा जास्त चिकट आणि लवकर झिजणारं) जो फरक पडतो तो दुसऱ्या कुठल्याच बदलाने पडत नाही. एक्झॉस्ट, ट्यून, स्प्रिंगा, सगळं त्याच्या मागे. पण टायरांचा एकच संच असेल आणि गाडी थंडी-पावसातही बाहेर निघत असेल, तर हे टायर मी सुचवणार नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच गाडीवर अनुभवल्या आहेत.

गाडी बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन. ४१० अश्वशक्ती, ५५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तो टॉर्क २,३५० आरपीएमपासूनच हजर. टायरांचं माप पुढे २४५/३५ आर१९, मागे २६५/३५ आर१९ (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). हा टॉर्क इतका खाली सुरू होतो की दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना मागच्या टायरांची परीक्षा रोजच होते. आधी गाडीवर ३०० ट्रेडवेअरचे उत्तम समर टायर होते आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्यांच्या पुढचा टप्पा कसा असतो ते पाहायचं होतं, म्हणून बदलले.

कोणता टायर घेतला त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव आलं की सगळी चर्चा नावाभोवती फिरते, आणि मला सांगायचंय ते या पूर्ण वर्गाला लागू आहे. या वर्गात योकोहामा अॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस, फाल्कन अझेनिस आरटी६६०, हँकुक व्हेंटस आरएस४ अशी मंडळी येतात. सगळ्यांवर ट्रेडवेअर २००. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एसवर तो आकडा ३००.

या आकड्याकडे पाहताना एक लक्षात ठेवा. ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा सापेक्ष अंदाज. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे टेक्ससमधल्या सॅन अँजेलोजवळच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर गाड्यांचा ताफा फिरवतात, साधारण ११,६०० किलोमीटर चालवतात आणि एका मानक टायरच्या तुलनेत झीज मोजतात. चाचणी करते कंपनी आणि आकडा देतेही कंपनीच. मोजणीत जास्त आला तरी कमी छापायला तिला मोकळीक असते. त्यात अमेरिकेच्या एससीसीए संस्थेच्या ऑटोक्रॉस (शंकूंमधून वेळेविरुद्ध गाडी चालवायच्या) स्पर्धांत स्ट्रीट वर्गाला किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे. त्यामुळे नियमात बसून जास्तीत जास्त पकड देणारा टायर बनवायची चढाओढ याच आकड्यावर चालते. परिणाम असा की २०० छापलेले दोन टायर आयुष्याच्या बाबतीत एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. एक ट्रॅकवर भराभर संपतो, दुसरा निवांत टिकतो. आकड्यावरून वर्ग कळतो, पुढचं कळत नाही.

टायरवर ट्रेडवेअरसोबतच्या शिक्क्यात छापलेलं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षरही फसवं आहे. एए असो की ए, ते ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत, चाक लॉक करून मोजलेलं असतं. वळणातली पकड त्यात येतच नाही. युरोपच्या लेबलवरचा वेट ग्रिप (ओल्यातली पकड) जास्त कामाचा वाटतो, पण तोही सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचा आणि रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतानाचा. साचलेल्या पाण्यात टायर काय करेल ते दोन्ही शिक्के सांगत नाहीत, आणि या वर्गात नेमकं तेच महत्त्वाचं आहे.

आता अनुभव. बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवले. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो, तो जायला हवा. त्यानंतर एका कोरड्या, उबदार दुपारी घाटरस्त्यावर पहिल्यांदा मोकळी सोडली. सगळ्यात आधी जाणवलं ते स्टिअरिंग. साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) ताठ असल्यामुळे वळवल्यापासून नाक वळेपर्यंतचा जो बारीकसा उशीर असायचा, तो गेला. दुसरी गोष्ट ब्रेक. त्याच वळणाला, त्याच वेगाने येऊन पेडल दाबलं तर एबीएस जागा व्हायचा तिथे तो झोपलेलाच राहिला. आणि तिसरी, जिच्यासाठी पैसे मोजले ती: आखूड वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना एम डायनॅमिक मोडमध्ये (ज्यात सिस्टिम मागची चाकं थोडी घसरू देते) डॅशवरचा चाक घसरल्याचा पिवळा दिवा आधी हमखास लुकलुकायचा. आता थ्रॉटल निम्म्याच्या पुढे गेला तरी दिवा शांत, मागचं टोक किंचित बसतं आणि गाडी पुढे फेकली जाते. मागचं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा भाग) किती चांगलं आहे, ते मला या टायरांवर कळलं. आधी त्याला धरायला काही मिळतच नव्हतं.

गाडी थांबवून टायरवरून हात फिरवला तर खांद्याजवळच्या (बाहेरच्या कडेच्या) रबरी ठोकळ्यांच्या कडांना रबराच्या बारीक वळ्या सुटलेल्या होत्या आणि पृष्ठभाग हाताला चिकटत होता. पार्किंगमधली बारीक खडी त्याला चिकटून आली आणि निघाल्यावर चाकाच्या कमानीत ताडताड वाजली. हे आता रोजचंच आहे. दारांच्या खालच्या भागाला पारदर्शक फिल्म लावून घ्या, नाहीतर रंग जाईल.

ही पकड येते कुठून हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक, रेणूंच्या पातळीवर चिकटून. दुसरं, रस्त्यावरच्या खडीच्या उंचसखलपणात दबून, आणि परत मूळ आकारात यायला थोडा उशीर लावून. त्या उशिरात ऊर्जा खर्च होते आणि तीच पकड म्हणून मिळते. दोन्ही गोष्टींसाठी रबर मऊ, म्हणजे त्याच्या लाडक्या तापमानात असावं लागतं. या वर्गाच्या रबराचं ते तापमान साध्या समर टायरपेक्षा वर असतं. ट्रॅकवर दुसऱ्याच फेरीत ते मिळतं. रस्त्यावर मात्र थंड सकाळी, शहरातल्या वाहतुकीत, कधीकधी पूर्ण प्रवासात मिळत नाही.

थंडी सुरू झाल्यावर हे अंगावर आलं. पारा दहा अंशांच्या खाली गेला की सुरुवातीची कितीतरी मिनिटं ही गाडी जुन्या ३०० वाल्या टायरांपेक्षा कमी पकडीची होती. हे वाक्य दोनदा वाचा, कारण "जास्त ग्रिपचा टायर" विकत घेणाऱ्याला कुणी हे सांगत नाही. गोल चौकातून तिसऱ्या गिअरमध्ये, अगदी साध्या थ्रॉटलवर मागचं टोक हललं. सिस्टिमने सावरलं, पण हलण्याची पद्धत मला आवडली नाही. जुने टायर आधी कुरकुरायचे, मग हळूहळू सुटायचे. हे थंड असताना न सांगता सुटतात. शिवाय मागची चाकं इंजिनाच्या ताकदीमुळे त्यातल्या त्यात लवकर तापतात, पुढची ब्रेक आणि वळणांवरच अवलंबून राहतात. सरळ रस्त्याने बराच वेळ गेल्यावर येणाऱ्या पहिल्या वळणावर पुढची चाकं थंडच असतात, हे डोक्यात ठेवून चालवावं लागतं. सात अंशांच्या खाली कुठलाच समर टायर नीट चालत नाही. हे टायर तर त्याच्या बरेच आधीपासून नाराज होतात. आणि शून्याच्या आसपास ती गाडी हलवूच नये, कारण कडक झालेलं रबर वाकलं की त्याला चिरा पडू शकतात.

पावसाचं चित्र मी धरलं होतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं. भुरभुर पाऊस, रस्ता नुसता ओला, हवा उबदार: पकड उत्तम, जुन्या टायरांच्या तोडीस तोड. पाण्याच्या पातळ थरामुळे चिकटणं कमी होतं, पण खडीत दबून धरणं चालू राहतं आणि मऊ रबर तिथे कामाला येतं. मात्र चाकोरीत पाणी साचलं की खेळ बदलतो. या टायरांना खोबणी कमी, ठोकळे मोठे, आणि नवेपणीही खोली बेताची. पाण्याला बाहेर जायला वाटच अपुरी. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर काम करून एक ढोबळ सूत्र दिलं होतं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआय या एककात, वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा, आणि टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३६ पीएसआयला तो ६२ मैल, म्हणजे साधारण १०० किलोमीटर येतो. हे खोबणीतून पाणी निघत नसतानाचं गणित आहे. चांगली, खोल खोबणी असलेला टायर त्याच्या वर जातो. अर्धा घासलेला २०० ट्रेडवेअर त्याच आकड्याकडे सरकत येतो. मुसळधार पावसात हायवेवर मी आता ऐंशीच्या वर जात नाही, मागचे लोक कितीही दिवे मारोत.

हवेच्या दाबावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं फळही सगळ्यात जास्त मिळालं. या दाबात टायरमधलं तापमान दर दहा अंशांनी चढलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो. ट्रॅकवर आतली हवा चाळीस अंशांनी सहज तापते. सकाळी गार टायरमध्ये ३६ भरून गेलात तर काही फेऱ्यांनंतर ४२-४३ वर पोचाल. टायर मधोमध फुगतो, खांदे रस्त्यावरून उचलले जातात आणि गाडी घसरायला लागली की आपण टायरला दोष देतो. मी तिथे गार दाब ३० च्या आसपास ठेवून निघतो, पिटमध्ये आल्याबरोबर गरम दाब मोजतो आणि चारही चाकांत ३५-३६ राहील असं बघून जास्तीची हवा सोडतो. परत निघायच्या आधी मात्र टायर गार होऊ द्यायचे आणि कंपनीने दाराच्या चौकटीवर छापलेला दाब पुन्हा भरायचा. ट्रॅकवरचा कमी दाब घेऊन हायवेवर जाणं धोक्याचं आहे. त्यासाठी डिकीत छोटा कॉम्प्रेसर आणि एक भरवशाचा गेज कायम असतो. पेट्रोल पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत.

झीज जलद आहे, ते गृहीतच होतं. पण ती कुठे होते ते बघण्यासारखं आहे. मागचे टायर रुंदीभर सारखे घासले, कारण तिथे काम सरळ रेषेत जोर लावायचं. पुढच्यांचा बाहेरचा खांदा आधी गेला. स्ट्रट सस्पेन्शनच्या गाडीत कलल्यावर चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं, आणि पकड वाढली की कलणंही वाढतं. म्हणजे चिकट टायर आपल्याच खांद्यावर जास्त ओझं ओढून घेतो. उपाय एकच, पुढे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आतल्या बाजूचा कल) वाढवायचा आणि टो (चाकांचं पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं) शून्याच्या जवळ ठेवायची. खोबणीची १.६ मिलिमीटर खोली ही बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा आहे, पण पावसासाठी या वर्गात मी ३ मिलिमीटरलाच टायर संपला असं धरतो.

आवाज आहे. साठ ते ऐंशीच्या वेगात एक सलग घुमणारा सूर येतो, जुन्या टायरांत तो नव्हता. रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे स्टिअरिंग किंचित ओढतं. पेट्रोलही थोडं जास्त लागतं. यांपैकी एकाही गोष्टीने मला त्रास झाला नाही.

खरेदी करताना काय बघायचं ते थोडक्यात. साइडवॉलवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे आकडे जवळपास असावेत. लोड इंडेक्स गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. या गाडीला पुढे ९३, मागे ९८, म्हणजे टायरमागे ६५० आणि ७५० किलो. स्पीड रेटिंग वाय, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. आणि पुढे एक, मागे दुसरा असा प्रकार करू नका. पुढचे घासलेले नाहीत म्हणून फक्त मागे चिकट टायर घालायचा मोह होतो, पण मग गाडी वळतच नाही. उलट केलंत तर मागचं टोक पुढे यायला बघतं, आणि ते जास्त वाईट.

माझं पुढचं ठरलं आहे. रस्त्यासाठी पुन्हा ३०० चा संच, एरवी गाडीवर तोच. २०० वाले वेगळ्या रिमवर, उबदार महिन्यांसाठी आणि ट्रॅकसाठी. थंडीत ते अंधाऱ्या, कोरड्या जागी आडवे रचून ठेवायचे. मागचं माप मी २६५ च ठेवणार आहे. दहा इंची रिमवर २७५ बसतो, पण पुढे २४५ च राहिला तर नाक बाहेर जाणं वाढेल. पुढे २५५ घालायचा विचार मी कॅम्बर वाढवून, चाकाच्या कमानीतली जागा मोजल्यानंतरच करीन, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात एकाच रुंदीचे भरत नाहीत.