पणजी, पुणे, कोल्हापूर की बंगळूर: दुर्मिळ चित्रपटांसाठी बेळगावकराने कुठली वाट धरावी?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहणारा आणि वर्षातून एकदाच चार-पाच दिवसांची रजा काढू शकणारा चित्रपटरसिक हिवाळा लागला की एका पेचात पडतो. चोर्ला घाट उतरून पणजी गाठावी, निपाणीमार्गे कोल्हापूरला जाऊन यावे, रेल्वेने पुणे करावे की राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळूर, असे चार पर्याय त्याच्यापुढे असतात आणि खिसा बहुधा एकाच पर्यायापुरता असतो. महोत्सवातील नवे, पारितोषिके मिळवून आलेले चित्रपट पाहायचे असतील तर ही तुलना फारशी उपयोगाची नाही, कारण त्यांतले बरेचसे पुढच्या वर्षा-दोन वर्षांत कुठल्या तरी ओटीटीवर येतात. मात्र एखाद्या दिग्दर्शकाच्या जुन्या कामाचे सिंहावलोकन, म्हणजे ज्याला महोत्सवाच्या पुस्तिकेत रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात ते, किंवा जीर्ण फिल्मवरून नव्याने सिद्ध केलेली प्रत पाहायची असेल, तर कुठे जायचे याने खरोखर फरक पडतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रपट दुर्मिळ होतो तो नेहमी प्रत हरवल्यामुळेच असे नाही. काही चित्रपटांची फिल्म नष्टच झाली आहे: बाबुराव पेंटर यांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ किंवा १९३१ चा ‘आलम आरा’ आज कोणताही महोत्सव दाखवू शकत नाही. परंतु पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत फिल्म शाबूत असते, हक्क कोणाकडे आहेत याचा मात्र उलगडा होत नाही. निर्माता वारलेला असतो, वारसांत एकमत नसते आणि प्रदर्शनासाठी सही कोणाची घ्यायची हेच ठरत नाही. परदेशी चित्रपटांची अडचण निराळी असते. आपल्याकडे सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट जाहीरपणे दाखवता येत नाही, महोत्सवांना त्यातून सरकारकडून सूट मिळते, आणि म्हणून ते चित्रपट त्या आठवड्यापुरते मोठ्या पडद्यावर येऊन पुन्हा नाहीसे होतात. तेव्हा निवड करताना महोत्सव किती मोठा आहे हे पाहण्यापेक्षा, आपल्याला हवा असलेला चित्रपट यांपैकी कोणत्या कारणाने अडलेला आहे आणि ती अडचण कोण दूर करू शकतो, हे पाहावे.

पणजीचा पर्याय बेळगावकराला सर्वांत सोयीचा वाटतो आणि बऱ्याच अंशी तो आहेही. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, १९५२ मध्ये सुरू झाला आणि २००४ पासून गोव्यात भरतो. अलीकडची काही वर्षे त्याच्या तारखा २० ते २८ नोव्हेंबर अशाच राहिल्या आहेत, त्यामुळे रजेचा अर्ज दिवाळीपूर्वीच देता येतो. परदेशी दिग्दर्शकाचे सिंहावलोकन करण्याची ऐपत या चारांत इफ्फीचीच सर्वांत मोठी, कारण जीवनगौरव पुरस्कार ज्याला द्यायचा त्याचे निवडक चित्रपट दाखवण्याची तिथे प्रथा आहे. २०२२ मध्ये स्पेनच्या कार्लोस सौरा यांना तो पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचे आठ चित्रपट दाखवले गेले. पुढच्या फेब्रुवारीत सौरा गेले. जुन्या भारतीय चित्रपटांच्या नव्या प्रतींसाठीही अलीकडे स्वतंत्र विभाग असतो. २०२३ मध्ये त्यात आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) होता, आणि २०२४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) प्रत्यक्ष वाद्यसंगीताच्या साथीने दाखवण्यात आला. ज्या चित्रपटात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे, तो मोबाईलवर मुकाट्याने पाहणे आणि भरलेल्या सभागृहात वादकांसह पाहणे यांत किती अंतर आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

तरीही केवळ सिंहावलोकनासाठी पणजीला जाणाऱ्याने दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात. पहिली म्हणजे जागा. आयनॉक्स आणि मकॅनिझ पॅलेस शेजारी-शेजारी आहेत, एका खेळातून उठून दुसऱ्यात चालत जाता येते. पण तोच खेळ पर्वरीच्या चित्रपटगृहात असेल तर मांडवीचा पूल आणि संध्याकाळची वाहने मध्ये येतात, आणि दोन खेळांत अर्ध्या तासाचे अंतर असेल तर दुसरा खेळ सोडून द्यावा लागतो. दुसरी गोष्ट खेळांच्या संख्येची. स्पर्धा विभागातील चित्रपट पुन्हा दाखवले जातात, जुन्या चित्रपटाला मात्र बहुधा एकच खेळ मिळतो आणि तोही सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा. रात्रीचा खेळ संपवून चोर्ल्याने परतण्याचा विचार कोणी करू नये. तो घाट दिवसाचाच बरा. म्हणजे मुक्काम आला, आणि नोव्हेंबरअखेरच्या पणजीत खोलीचे भाडे प्रतिनिधी नोंदणीच्या, म्हणजे महोत्सवाच्या प्रवेशपत्राच्या, शुल्कापेक्षा कितीतरी जड जाते. म्हापसा किंवा मडगावला नातेवाईक असलेल्या बेळगावकराचे गणित येथे वेगळे होते, हे उघड आहे.

पुण्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे महोत्सवापेक्षा संग्रहालय महत्त्वाचे आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, अर्थात पिफ, २००२ पासून भरतो, त्याची धुरा डॉ. जब्बार पटेल यांच्याकडे आहे आणि तो बहुतेक वेळा जानेवारीत होतो; २०२५ मध्ये तो फेब्रुवारीत गेला होता, तेव्हा तारखा नक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नये. सिंहावलोकन विभाग तिथेही असतो. मात्र ज्याला मराठी आणि एकूणच भारतीय जुना चित्रपट गंभीरपणे पाहायचा आहे त्याच्यासाठी पुण्याचे खरे मोल लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली आणि पी. के. नायर यांनी हयात खर्चून उभी केलेली ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तिच्या सभागृहात वर्षभर अधूनमधून खेळ होतात, आणि अभ्यासकांना पूर्वपरवानगी घेऊन व शुल्क भरून संग्रहातील चित्रपट पाहण्याची सोयही आहे. महोत्सवात दुसरा कोणी निवडतो आणि आपण पाहतो. येथे मागणी आपली असते. एखाद्या महाविद्यालयीन प्राध्यापकाने किंवा चित्रपटावर लिहिणाऱ्याने आधी पत्रव्यवहार करून, नेमके कोणते चित्रपट हवेत ते कळवून जानेवारीऐवजी पावसाळ्यात पुणे गाठले, तर चार दिवसांत त्याच्या हाती जे लागेल ते कोणत्याही महोत्सवात लागणार नाही. अर्थात संग्रहालयात सर्व काही सुखरूप आहे असेही नाही. जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मचा, मोठा साठा जळाला. आधीच विचारून घ्यावे असे म्हणण्याचे हेही एक कारण आहे.

बेळगावहून पुण्याला रेल्वेने अर्धा दिवस जातो. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून धावू लागल्यापासून प्रवास सुसह्य झाला आहे, मात्र ती रोज नसते. राहण्याचा खर्च पणजीच्या मानाने कमी, आणि पुण्यात शिकणारे भाचे-पुतणे प्रत्येकाचे असतातच.

कोल्हापूरविषयी मोजकेच सांगता येते. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री घरी येता येते, आणि कलामहर्षी बाबुराव पेंटर फिल्म सोसायटीने भरवलेल्या महोत्सवाचा पसारा आवाक्यातला असल्यामुळे निवडीचा गोंधळ होत नाही. ज्या गावात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ जन्मली, तिथल्या प्रेक्षकांत बसून जुना मराठी चित्रपट पाहण्यात एक निराळी मौज आहे, हेही मान्य. परंतु परदेशी दिग्दर्शकाचे आठ-दहा चित्रपटांचे सिंहावलोकन तिथे मिळेल अशी अपेक्षा धरून जाऊ नये. शिवाय डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले आणि सीमेवर वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या निपाणीपलीकडे थांबतात, हे सीमाभागातल्या माणसाला ठाऊकच आहे. त्या दिवसांत कोल्हापूरचा बेत आखणाऱ्याने परतीचा विचार आधी करावा.

बंगळूरकडे मराठी रसिक सहसा वळत नाही, आणि माझ्या मते तो एक मोठी संधी घालवतो. कर्नाटक चलनचित्र अकादमीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होतो आणि त्यात कन्नड चित्रपटांना साहजिकच मोठे स्थान असते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे चित्रपट पाहताना इंग्रजी सबटायटल्सवर नजर खिळवून ठेवावी लागते. बेळगावच्या मराठी माणसाला ती गरज फारशी पडत नाही. बाजारात, कचेरीत, शेजारी रोज कानावर पडणारी भाषा पडद्यावर आली की त्याचे डोळे चित्रासाठी मोकळे राहतात. ‘संस्कार’ (१९७०), ‘वंशवृक्ष’ (१९७२), ‘काडू’ (१९७३) या काळातील कन्नड चित्रपट चांगल्या प्रतीत सहजासहजी पाहायला मिळत नाहीत. त्यांतल्या गिरीश कार्नाडांना मराठी प्रेक्षक ‘उंबरठा’मधून ओळखतो, त्यांचे दिग्दर्शन मात्र त्याने क्वचितच पाहिलेले असते. गिरीश कासरवळ्ळींच्या ‘घटश्राद्ध’ (१९७७) या पहिल्या चित्रपटाची नवी प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट यांनी सिद्ध केली व ती २०२४ मध्ये व्हेनिसमध्ये दाखवली गेली. अशी प्रत बंगळूरच्या कार्यक्रमपत्रिकेत दिसली तर रात्रीच्या गाडीचे आरक्षण करायला हरकत नाही. उणीव एकच, आणि ती मोठी आहे: पाचशे किलोमीटरचे अंतर. दोन चित्रपटांसाठी तेवढे जाणे परवडत नाही. सिंहावलोकनातील चार-पाच चित्रपट तरी आपल्या यादीत असावेत.

आता घरच्या पडद्याविषयी. मुबीसारखे मंच, विकास महामंडळाचे चित्रपट दाखवणारे संकेतस्थळ आणि यूट्यूब यांमुळे एकेकाळी फक्त महोत्सवात दिसणारे कितीतरी चित्रपट शहापूर-वडगावच्या घरात बसून पाहता येतात, आणि जो प्रवास करू शकत नाही त्याने त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र प्रत तपासून घ्यावी. ‘प्रभात’काळातील चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते, आणि आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी कित्येकदा ती वरखाली कापलेली असते. सुरुवातीची श्रेयनामावली पाहिली की हे लगेच कळते: अक्षरे वरच्या आणि खालच्या कडेला टेकली असतील, किंवा उभ्या माणसाच्या डोक्याचा माथाच दिसत नसेल, तर ती प्रत सोडून दुसरी शोधावी. मूकपटांत आणखी एक दोष आढळतो. सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या वेगाने चित्रित झालेली दृश्ये चोवीसच्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु धावू लागतात, आणि गंभीर प्रसंगही हास्यास्पद होतो. चांगल्या महोत्सवात हे दोन्ही दोष सहसा नसतात. तिथला धोका निराळा असतो: डिजिटल प्रतीची किल्ली, म्हणजे ती उघडणारा सांकेतिक कोड, ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक मुदतीसाठीच दिलेली असते, प्रत वेळेवर उघडली नाही तर खेळ पुढे ढकलला जातो किंवा त्याऐवजी दुसराच चित्रपट लागतो. एकाच चित्रपटासाठी घाट उतरणाऱ्याने ही शक्यता गृहीत धरावी.

मधला एक मार्गही अलीकडे तयार झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या शताब्दीनिमित्त त्यांचे दहा चित्रपट चाळीस शहरांतील चित्रपटगृहांत शंभर रुपये तिकिटात दाखवले गेले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘मंथन’ची नवी प्रतही देशभरातील निवडक चित्रपटगृहांत लागली होती. अशा वेळी आपल्या शहराचे नाव यादीत आहे का ते पाहावे, आणि नसेल तर कोल्हापूर वा हुबळी पाहावे. हे खेळ मोजकेच दिवस असतात आणि गर्दी दिसली नाही तर पुढच्या वेळी ते शहर यादीतून गळते.

माझा कौल विचाराल तर तो माणसागणिक बदलतो. परदेशी दिग्दर्शकाचे सलग काम पाहायचे असेल आणि मुक्कामाची सोय असेल, तर पणजीच. मात्र नऊही दिवस न जाता सिंहावलोकनाचे तीन-चार दिवस निवडावेत. मराठी चित्रपटाचा इतिहास हा विषय असेल तर पुणे, आणि तेही महोत्सवाबाहेर. रजाच नसलेल्या दुकानदाराला किंवा शिक्षकाला कोल्हापूरचा रविवार पुरेसा आहे. आणि पणजी दोन-चार वेळा करून झालेल्याने या खेपेस बंगळूरचा विचार करावा.

नोंदणीच्या वेळेबाबत एक व्यावहारिक अडचण उरते. सिंहावलोकन कोणाचे आहे हे महिनाभर आधी जाहीर होते, पण कोणता चित्रपट कोणत्या दिवशी कोणत्या पडद्यावर आहे हे वेळापत्रक पुष्कळदा महोत्सवाच्या तोंडावरच हाती येते, आणि रजेचा अर्ज तर त्याआधी द्यावा लागतो. त्यावर तोडगा म्हणजे रजा महोत्सवाच्या मधल्या दिवसांची मागावी, कारण उद्घाटन आणि समारोपाच्या दिवशी जुन्या चित्रपटांना जागा कमी मिळते. प्रतिनिधी नोंदणी सुरू होताच उरकावी. आणि आसनांचे ऑनलाइन आरक्षण उघडले की सर्वांत आधी एकदाच दाखवला जाणारा जुना चित्रपट धरावा, बाकीचे रांगेत उभे राहूनही मिळतात.